राणीच्या बागेतील सावली

वैशाखाच्या अखेरीस मुंबईतील जुन्या चाळींच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्री ते परत ओकतात. सूर्य मावळून चार घटका लोटल्या, तरी भिंतीला हात लावावा तर ती कोमटच लागते. खिडकी उघडावी तर वारा पडलेला. पंखा लावावा तर तो तीच गरम हवा खोलीभर फिरवीत राहतो. लालबागमधील एका चाळीत राहणाऱ्या एका कुटुंबाची अशीच ओळीने तीन रात्री झोपमोड झाली होती. घरात माणसे पाच : आजी, आई, बाबा, सातवीत गेलेली ताई आणि तिचा धाकटा भाऊ. खोली मात्र एकच, दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब.

आजीचे वय सत्तरीच्या पुढे गेलेले. उकाड्याने तिचा जीव घाबरा होई. "मला कुठे तरी झाडाखाली नेऊन बसवा रे," असे ती एका सकाळी म्हणाली. बाबांची आठवड्याची सुटी मंगळवारी असे. त्या दिवशी सर्वांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत जावयाचे ठरले. ती बाग एरवी बुधवारी बंद असते आणि रविवारी तेथे पाय ठेवावयास जागा नसते. तेव्हा मंगळवार सर्वच दृष्टींनी सोयीचा होता. आईने पहाटे उठून दशम्या केल्या, बटाट्याची कोरडी भाजी केली, कैरीचे पन्हे बाटलीत भरून घेतले, आणि मंडळी निघाली.

आजीच्या मनात आणखी एक गोष्ट होती. ती तिने बसमध्ये सांगितली. तिचे वडील गिरणीत कामास होते. रविवारी गिरणी बंद असे. त्या दिवशी ते साऱ्या मुलांना राणीच्या बागेत नेत, एका प्रचंड झाडाखाली आपले उपरणे अंथरून निजत, आणि मुले त्यांच्या सभोवार खेळत.

"ते झाड अजून असेल का रे?" आजीने विचारले.

"असेल की," बाबा म्हणाले. परंतु त्यांच्या स्वरात खात्री नव्हती.

बसमधून उतरेपर्यंत दहा वाजून गेले होते. रस्त्यावरील डांबर तापून मऊ पडू लागले होते. धाकट्याने गंमत म्हणून चपलेतून पाय काढून रस्त्याला लावला आणि चटकन मागे घेतला. तिकिटे काढून सर्वजण दरवाजातून आत शिरले. वीस-पंचवीस पावले चालली असतील नसतील, तोच आजीने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि दीर्घ श्वास घेतला.

"बाबा, इथली हवा एवढी थंड कशी हो?" ताईने विचारले.

ताईचा प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर तितके साधे नाही. एखादा तापमापक झाडाखाली धरला आणि तोच पुढे शेजारच्या रस्त्यावर, थेट ऊन न लागेल अशा बेताने, धरला, तर दोन्ही ठिकाणच्या हवेच्या तपमानात बहुधा थोड्याच अंशांचे अंतर दिसेल. हवा स्थिर नसते. इकडची तिकडे वाहते आणि मिसळते. मग अंगाला एवढा फरक का जाणवतो? कारण असे, की उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला केवळ हवा तापवीत नाही. सूर्याचे किरण वरून थेट अंगावर पडतात, खालून तापलेले डांबर आणि बाजूंनी तापलेल्या भिंती आपली धग त्याच्यावर फेकीत असतात. चुलीपुढे बसलेल्या माणसाचे तोंड भाजते आणि पाठ थंड राहते, तसाच हा प्रकार आहे. दाट झाडाखाली पाऊल टाकल्याबरोबर वरची धग तुटते. आणि तेथील जमिनीवर ऊन पडलेलेच नसल्यामुळे खालची धगही उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, की सावली तर पत्र्याच्या छपराखालीही असते. मग तेथे जीव का गुदमरतो? शंका योग्य आहे. पत्रा ऊन अडवितो खरा, पण ते अडविता अडविता स्वतः तापतो, आणि मग तोच डोक्यावरची चूल होऊन बसतो. झाडाचे पान ऊन अडविते, परंतु पत्र्यासारखे तापत नाही. भर दुपारी उन्हातला पत्रा आणि उन्हातले पान यांना हात लावून पाहावा, म्हणजे याची प्रचीती येते.

पान तापत नाही, कारण ते माठासारखे वागते. माठाच्या अंगातील बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता माठातून व आतील पाण्यातून घेतली जाते. म्हणून पाणी गार होते. पानावरही अशी अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. बहुतेक झाडांत ती पानाच्या खालच्या बाजूस अधिक असतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मुळांनी जमिनीतून ओढलेले पाणी खोडातून, फांद्यांतून चढत चढत पानांत येते आणि या रंध्रांतून वाफ होऊन हवेत जाते. या क्रियेला बाष्पोच्छ्वास असे नाव आहे. एक लिटर पाण्याची अशी वाफ होण्यास किती उष्णता लागते, याचा हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे : तेवढ्या उष्णतेने चुलीवरचे आठ लिटर साधे पाणी उकळीस येईल! मोठा वृक्ष पुरेसे पाणी मिळाल्यास एका दिवसात शंभर लिटरांहून अधिक पाणी हवेत सोडू शकतो. म्हणजे जी उष्णता एरवी रस्ते आणि भिंती तापविण्यात गेली असती, तिचा केवढा तरी वाटा तो मुकाट्याने वाफेत गुंतवून टाकतो.

मुंबईत मात्र या कामात एक अडचण आहे. नागपूरला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पण तेथील हवा कोरडी असते. त्यामुळे माठातील पाणी उत्तम गार होते आणि अंगावरचा घामही झटकन वाळतो. मुंबईत मे महिन्यात तपमान बहुधा ३३-३४ अंशांच्या आसपास असते, परंतु समुद्रावरून येणारी हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. अशा हवेत घाम वाळत नाही, माठही तितका गार होत नाही. म्हणून दमट शहरातील माणसाला ऊन मुळात अंगावर पडू न देणारी सावली फारच मोलाची वाटते.

आजीचे झाड बागेच्या कोणत्या बाजूस होते, हे तिला नक्की आठवेना. "जवळच घड्याळाचा मनोरा दिसत असे," एवढेच ती सांगे. तेव्हा मंडळी मनोऱ्याच्या रोखाने चालू लागली.

वाटेत एक अवाढव्य खोडाचे झाड लागले. चार माणसांनी हात धरून कवेत घ्यावे एवढा त्याचा घेर. पण फांद्यांवर पान नाही. धाकटा हौसेने त्याच्या बुंध्याशी जाऊन बसला आणि तोंड वाकडे करून उठला. "एवढे मोठे झाड आणि सावलीच नाही!"

ती गोरखचिंच होती. हे झाड मूळचे आफ्रिकेतले. तेथील दीर्घ अवर्षणात तग धरण्यासाठी त्याने दोन युक्त्या साधल्या आहेत. आपल्या फुगीर, मऊ खोडात ते पाणी साठविते. आणि कोरड्या महिन्यांत पाने गाळून टाकते, म्हणजे पानांवाटे पाणी उडून जावयास नको. समुद्रापार येऊनही त्याची ही सवय गेलेली नाही. वड, आंबा, जांभूळ या आपल्याकडील झाडांची रीत वेगळी. चैत्राच्या आगेमागे त्यांना कोवळी पालवी फुटते आणि वैशाखात, म्हणजे उन्हाचा कडाका असतो नेमक्या त्याच वेळी, त्यांचे छत्र दाट झालेले असते. पुढे पाऊस येतो तेव्हा त्याचा लाभ घेण्यास ही पाने तयार असतात.

थोड्या अंतरावर कैलासपतीचे झाड होते. त्याची फुले फांद्यांच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात आणि तोफेच्या गोळ्यांएवढी फळेही तेथेच लोंबतात. फुलाच्या मध्यभागी पिंडीसारखा आकार आणि त्यावर फणा उभारल्यासारखे केसरांचे आच्छादन पाहून आजीने हात जोडले. नाव कैलासपती, आणि मूळ ठिकाण दक्षिण अमेरिका! उन्हात तांबडालाल झालेला गुलमोहरही असाच पाहुणा. तो मादागास्कर बेटावरचा. जांभळी फुले मिरविणारा तामण मात्र आपल्याच मातीतला. त्याचे फूल महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे.

निरनिराळ्या देशांतील एवढी झाडे या एका बागेत कशी आली? हा काही योगायोग नव्हे. परदेशांतील झाडे मुंबईच्या हवेत कितपत रुजतात, हे पाहण्याचे कार्य येथील अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ही संस्था करीत असे. तिची जुनी बाग शिवडीस होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली, तेव्हा भायखळ्यास ही नवी बाग वसविण्यात आली. १८६२ साली ती लोकांस खुली झाली. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे नाव तिला दिले होते, म्हणून लोक तिला राणीची बाग म्हणू लागले. १८७३ साली ती नगरपालिकेकडे आली. पुढे स्वातंत्र्यानंतर तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे झाले. तथापि लोकांच्या तोंडी जुने नाव अजून आहेच. आज सुमारे ५० एकरांच्या या जागेत अडीचशेहून अधिक जातींची जवळजवळ तीन हजार झाडे आहेत.

बागेलगतच्या संग्रहालयाला डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. तेथे एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीच्या बेटावरील हा हत्ती १८६४ साली इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना फुटला. ते तुकडे पुढे १९१४ साली पुन्हा जोडण्यात आले. आजी लहानपणी त्याच्या पाठीवर चढू पाहत असे. आता तिने दुरूनच त्याला ओळख दिली.

धाकट्याचे चित्त मात्र झाडांत नव्हते, की दगडी हत्तीतही नव्हते. त्याला पेंग्विन पाहावयाचे होते. २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ हंबोल्ट पेंग्विन येथे आणण्यात आले आणि पुढच्या वर्षीपासून लोकांना ते पाहता येऊ लागले. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर समुद्राचा थंड प्रवाह वाहतो. तेथे हे पक्षी राहतात. मुंबईचा उन्हाळा त्यांना कसा सोसावा? म्हणून त्यांच्यासाठी काचेची बंद दालने केली आहेत आणि ती यंत्रांनी रात्रंदिवस थंड ठेवली जातात. काळ्या कोटातील गृहस्थांप्रमाणे डुलत चालणारे ते पक्षी पाण्यात शिरताच बाणासारखे सुटत. ते पाहून धाकटा हरखून गेला.

"आजी, झाडाखालच्यापेक्षा इथे जास्त थंड आहे की नाही?" तो विजयी मुद्रेने म्हणाला.

थंड होते यात संशय नाही. पण थंड करणाऱ्या यंत्राची एक खोड असते. ते उष्णता नाहीशी करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकते, आणि यंत्र चालविण्यासाठी लागणाऱ्या विजेची उष्णता तीत आणखी मिसळते. शहरातील कोणत्याही मोठ्या इमारतीत अशी यंत्रे असतात. त्यांच्या पिछाडीस जाऊन उभे राहिल्यास गरम हवेचा झोत अंगावर येतो. एकाची खोली गार होते ती गल्लीची हवा तापवून. बिचाऱ्या पेंग्विनांना दुसरा उपाय नाही; माणसांना मात्र झाडाचा उपाय आहे, आणि झाड आपल्या शेजाऱ्याकडे गरम झोत सोडीत नाही.

बाहेर येऊन थोडे चालल्यावर आजी एकाएकी थांबली. समोर एका पर्जन्यवृक्षाचा विस्तार पसरला होता. बुंध्याखाली फिकट गुलाबी तुऱ्यांसारखी फुले गळून पडली होती. "हेच ते!" ती म्हणाली. मग जरा घुटमळली. "या बाजूला एक मोठी फांदी होती. आम्ही तिला झोपाळा बांधत होतो." बाबांनी वर पाहिले. खोडावर उंचावर जुन्या जखमेची गोल खूण होती आणि तिच्या कडांनी साल चढत आली होती. फांदी एखाद्या वादळात मोडून पडली असावी. बाकी झाड सुखरूप होते. आजीने बुंध्याला तळहात लावला आणि बराच वेळ तो काढला नाही.

त्या सावलीत सतरंजी अंथरून जेवणे झाली. जेवल्यावर ताईने सावलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावले मोजली. ती चाळीस भरली. तिचे एक पाऊल सुमारे दोन फुटांचे. म्हणजे सावलीच्या वर्तुळाचा व्यास ८० फूट आणि क्षेत्रफळ पाच हजार चौरस फुटांच्या वर. चाळीतील खोली १२० चौरस फुटांची. "बाबा, या एका झाडाखाली आपल्या चाळीतल्या चाळीसेक खोल्या मावतील!" तिचे गणित बरोबर होते.

बाबांनी मग बसमध्ये मनात आलेली शंका बोलून दाखविली. २००७ साली या बागेचे रूप पालटून तेथे परदेशी धर्तीचे मोठे प्राणिसंग्रहालय उभारण्याची योजना पुढे आली होती. तीत जुन्या झाडांवर कुऱ्हाड पडेल, अशी धास्ती अनेकांना वाटली. काही वृक्षप्रेमी नागरिक, आणि त्यांत विशेषेकरून स्त्रिया, पुढे आल्या. त्यांनी बागेतील झाडांची महती लोकांना पटविली, अधिकाऱ्यांपुढे आपले म्हणणे वर्षानुवर्षे मांडले. अखेर ती योजना मूळ स्वरूपात अमलात आली नाही. पिंजरे नवे झाले, पेंग्विन आले. पण बाग बाग राहिली.

"पण झाड तोडले तर त्याच्या बदल्यात दुसरे लावता येते ना?" धाकटा म्हणाला.

"लावता येते," बाबा म्हणाले. "त्या रोपाची सावली किती पडेल ते सांग पाहू."

धाकट्याने इकडेतिकडे पाहिले. जवळच कुंपण घातलेले एक नवे रोप होते. तो जाऊन त्याची सावली पाहून आला. "ताटाएवढी," तो म्हणाला.

"आणि ती सतरंजीएवढी व्हायला किती वर्षे लागतील?"

"ती होईपर्यंत मी थोडीच बसणार आहे, बाळा!" आजी हसून म्हणाली. सगळेच हसले, परंतु ताईला त्या हसण्यात पुरते सामील होता आले नाही. तिने आपल्या चाळीस पावलांकडे पुन्हा एकदा पाहिले.

दुपारी आजीला गाढ झोप लागली. तीन रात्रींची झोप तिने त्या झाडाखाली भरून काढली. आई शेजारी बसून पदराने वारा घालू लागली होती, पण त्याची गरज नाही असे पाहून तीही आडवी झाली.

ऊन कलले तशी रखवालदाराची शिटी ऐकू येऊ लागली. बाग बंद होण्याची वेळ जवळ आली होती. डबे आवरता आवरता ताईची दृष्टी वर गेली. पर्जन्यवृक्षाची पाने मिटू लागली होती. या झाडाच्या पर्णिकांच्या बुडाशी बारीक फुगीर गाठ असते. गाठीच्या एका बाजूचे पाणी दुसऱ्या बाजूस सरकले, की ती बिजागरीसारखी वळते आणि समोरासमोरच्या पर्णिका जवळ येतात. प्रकाश उणावताच हे घडते. आकाश ढगांनी दाटून आले तरीही घडते, म्हणून पावसाचे थेंब याच्या तळाशी सहज पोचतात आणि तेथे गवत हिरवे राहते.

"झाड झोपायला लागले," धाकटा कुजबुजला.

आजीने बाबांचा हात धरून उठता उठता मान वर केली. दुपारी जेथे आकाशाचा ठिपकाही दिसत नव्हता, तेथे आता पानांपानांमधून संध्याकाळचा उजेड उतरू लागला होता. तिने अंगावर पडलेली दोन गुलाबी फुले उचलली, पदराच्या टोकाला बांधली, आणि मंडळी दरवाजाच्या दिशेने चालू लागली.